शीआनमध्ये एक दिवस: ह्युएन त्संगच्या गावी

शाळेच्या इतिहासात ह्युएन त्संग भेटतो तो दोन ओळींपुरता. चिनी प्रवासी, हर्षवर्धनाच्या काळात आला, नालंदात शिकला, संपलं. तो आपल्याकडे, महाराष्ट्रातही येऊन गेला होता हे पुष्कळांना फार उशिरा कळतं. पुलकेशीच्या राज्यातली माणसं कशी आहेत, हे त्याने लिहून ठेवलं: साधी, सरळ, मानी, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी शत्रूला सांगून घेतात, आणि शरण आलेल्याला मारत नाहीत. सातव्या शतकातल्या मराठी मुलखाचं एका परक्या माणसाने काढलेलं हे चित्र. तो माणूस ज्या शहरातून निघाला आणि जिथे परत येऊन त्याने हे सगळं सांगितलं, ते शहर म्हणजे आजचं शीआन, त्या वेळचं छांगआन.

मी आईला घेऊन तिथे गेलो होतो. तिचं वय 67, गुडघे कुरकुरणारे, आणि अजिंठा तिने चार वेळा पाहिलेला. त्यामुळे खाली दिलेला दिवस धावपळीचा नाही. शहराच्या दक्षिणेकडून सुरुवात करून संध्याकाळी तटबंदीच्या आतल्या जुन्या गावात पोचायचं, आणि वाटेत हा भिक्षू जिथे जिथे भेटतो तिथे जरा थांबायचं, एवढंच.

एक गोष्ट आधीच सांगतो. मातीच्या सैनिकांचं दालन या दिवसात घालू नका. 1974 मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेलं ते सैन्य शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर, लिनथोंग भागात आहे. जाऊन, नीट पाहून परत यायला दिवसाचा मोठा भाग जातो. त्याच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. दोन्ही एकाच दिवसात उरकणारे लोक आम्हाला रात्री हॉटेलच्या लॉबीत दिसायचे, बूट काढून, डोळे मिटून बसलेले.

वार पाहून दिवस ठरवा

शान्शी प्रांताचं इतिहास संग्रहालय सोमवारी बंद असतं. ते पाहायचं असेल तर सोमवार टाळा. त्याचं तिकीट मिळालं नाही तर शीआन संग्रहालय हा चांगला पर्याय आहे, पण ते मंगळवारी बंद. म्हणजे बुधवार ते रविवार यातला दिवस धरला की दोन्ही दारं उघडी राहतात. त्यातही शनिवार-रविवारी गर्दी असते, तेव्हा बुधवार किंवा गुरुवार उत्तम.

महिना एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलैत ऊन आपल्या विदर्भाची आठवण करून देतं, जानेवारीत थंडी हाडात शिरते आणि हवाही धुरकट असते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, मे महिन्याचे पहिले चार-पाच दिवस आणि चिनी नववर्ष मात्र कटाक्षाने टाळा. त्या सुट्ट्यांत सगळा चीन घराबाहेर पडतो आणि शीआनमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

चीन आता बऱ्याच देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय येऊ देतो, पण त्या यादीत भारत नाही. व्हिसा आधीच काढावा लागतो, महाराष्ट्रातल्या लोकांना तो मुंबईतल्या चिनी वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत. तिथे पोचल्यावर पासपोर्ट सतत जवळ हवा, हॉटेलच्या तिजोरीत नको. संग्रहालयाचं आरक्षण पासपोर्टच्या क्रमांकावर होतं, आणि दारात तोच दाखवावा लागतो.

पैशांचं असं आहे की भाजीवाल्यापासून टॅक्सीपर्यंत सगळे क्यूआर कोड पुढे करतात. आपल्या यूपीआयसारखंच, पण यूपीआय तिथे धरून चालू नका. अलीपे हे ॲप घेऊन त्याला आपलं आंतरराष्ट्रीय व्यवहारांना परवानगी असलेलं क्रेडिट कार्ड जोडून घ्या. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला सेवाशुल्क लागत नाही, त्यापुढे 3 टक्के लागतं. एक युआन साधारण बारा-तेरा रुपये धरा. शिवाय पाच, दहा, वीसच्या सुट्ट्या नोटा खिशात असू द्या. आमचं कार्ड एकदा दुपारभर रुसलं तेव्हा त्याच नोटांवर जेवण झालं.

फोन हा दुसरा विषय. तिथल्या स्थानिक इंटरनेटवर गूगल आणि व्हॉट्सॲप चालत नाही. भारतातल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं, किंवा परदेशी कंपनीचं ई-सिम घेतलं, तर चालतं, कारण तो डेटा चीनबाहेरून फिरून येतो. हॉटेलच्या वायफायवर मात्र पुन्हा तीच अडचण. नकाशासाठी गाओदे नावाचं चिनी ॲप घ्या. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच साठवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही फोन समोर धरून पाटी वाचता येते. प्रत्येक ठिकाणाचं नाव चिनी लिपीत लिहिलेलं फोटोत ठेवा. टॅक्सीवाल्याला आपला उच्चार कळत नाही, अक्षरं लगेच कळतात. चीनच्या आत विमानाने फिरणार असाल तर पॉवर बँकवर चीनचं 3सी हे सुरक्षेचं चिन्ह आहे का पाहा, ते नसेल तर विमानतळावर काढून घेतात.

संग्रहालयाचं तिकीट फुकट आहे, पण ते मिळवणं हीच या दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट. आरक्षण काही दिवस आधी, ठरावीक वेळेला उघडतं आणि बघता बघता संपतं. हॉटेल पक्कं करतानाच तिथल्या स्वागतकक्षाला लिहून मदत मागा, ते लोक करतात. दाराबाहेर जादा पैसे घेऊन तिकीट देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. नाव आणि पासपोर्ट जुळला नाही तर पैसे जातात आणि आतही सोडत नाहीत.

मुक्काम घंटाघराच्या आसपास करा. बेइजिंगहून वेगवान गाडीने याल तर उत्तर स्थानकात उतराल. तिथून मेट्रोची 2 क्रमांकाची लाइन सरळ घंटाघराखाली आणून सोडते.

सकाळी 8: हंसाचा स्तूप

घंटाघराहून 2 क्रमांकाच्या मेट्रोने दक्षिणेकडे श्याओजाय, तिथे 3 क्रमांकाची लाइन पकडून पुढचंच स्थानक दायानथा. तिकीट थोड्याच युआनचं. प्रत्येक स्थानकावर बॅग यंत्रातून जाते, त्याचा वेळ धरा.

दायानथाचा अर्थ मोठ्या रानहंसाचा स्तूप. हे नाव मुळात आपल्याकडचं आहे. मगधातल्या एका टेकडीवर ह्युएन त्संगने हंसाच्या नावाचा स्तूप पाहिला होता. भुकेलेल्या भिक्षूंसमोर आकाशातून एक हंस पडला, ती त्यांना शिकवण वाटली आणि त्यांनी मांस सोडलं, अशी त्याची कथा. राजगृहाजवळचा तो हंस इथे चीनमध्ये विटांच्या मनोऱ्याचं नाव होऊन बसला.

आठला दार उघडतं तेव्हा आत शिरा. दहानंतर सहलींचे झेंडे यायला लागतात. हे दा त्सिअन मंदिर, म्हणजे मोठ्या मातृकृपेचं मंदिर. 648 मध्ये युवराज ली ज्र याने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ ते बांधलं. ह्युएन त्संगला इथलं काम सोपवलं गेलं. परवानगीशिवाय गुपचूप देश सोडून गेलेला हा भिक्षू 645 मध्ये परत आला तो 657 ग्रंथ घोड्यांवर लादून. सम्राटाने रागवायचं सोडून त्याचं स्वागत केलं आणि त्या देशांची हकिगत लिहून द्यायला सांगितली. 646 मध्ये ती पुरी झाली. महाराष्ट्राबद्दलचा मजकूर त्यातलाच.

आणलेल्या पोथ्यांना आगीचं भय नको म्हणून 652 मध्ये हा मनोरा उभा राहिला. त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात म्हटलंय की पन्नाशीतला ह्युएन त्संग स्वतः टोपलीतून विटा वाहत होता. आधी पाच मजले होते. पुढे सम्राज्ञी वू त्स-थियेनच्या काळात, 701 ते 704 या वर्षांत तो नव्याने बांधला गेला. आज सात मजले, उंची 64.5 मीटर.

मनोऱ्यावर चढायचं तिकीट वेगळं असतं. आतला लाकडी जिना उभा आहे. आई खाली बाकावर बसली, मी गेलो. खरं सांगायचं तर वरून दिसतं ते आजचं शहर, उंच इमारती आणि सरळ रस्ते. गुडघे दुखत असतील तर चढलं नाही म्हणून हळहळू नका. त्यापेक्षा मनोऱ्याच्या दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंना कोनाड्यांत बसवलेल्या दोन शिळा पाहा. ह्युएन त्संगच्या भाषांतरांना सम्राट थाइत्सुंगने लिहिलेली प्रस्तावना आणि त्याच्या मुलाने जोडलेला मजकूर त्यांवर कोरलाय, 653 मध्ये, छू स्वेइल्यांग या नामवंत लेखनकाराच्या हातचा. बहुतेक लोक त्यांच्यासमोरून फोटो काढत निघून जातात. दुपारी याच प्रस्तावनेशी पुन्हा गाठ पडणार आहे, म्हणून त्या लक्षात ठेवा.

एक गोष्ट आईने विचारली, तिथे उभं राहूनच. हा एवढा मोठा स्तूप तटबंदीच्या बाहेर कसा? प्रश्न बरोबर होता. थांग घराण्याच्या काळातलं, म्हणजे ह्युएन त्संगच्या वेळचं छांगआन सुमारे 84 चौरस किलोमीटरचं होतं, 108 चौकोनी पेठांत आखलेलं, आणि हा स्तूप त्या शहराच्या आतच होता. आज दिसते ती तटबंदी नंतरच्या मिंग काळातली, जुन्या शहराचा जेमतेम सातवा भाग वेढणारी. शहर लहान झालं आणि स्तूप बाहेर राहिला. हे एकदा डोक्यात बसलं की शीआनचा नकाशा वाचता येतो.

बाहेर पडताना दक्षिणेच्या चौकात ह्युएन त्संगचा उंच पुतळा आहे. आईने त्याला हात जोडले. शेजारी थांग काळचे पायघोळ कपडे आणि केसांत फुलं घालून फोटो काढणाऱ्या मुलींचा घोळका होता. त्यातल्या एकीने आईची साडी पाहून अंगठा वर केला आणि मग दोघींचा एकत्र फोटो झाला.

सकाळी 10: इतिहास संग्रहालय

स्तूपापासून वायव्येला पंधरा-वीस मिनिटं चालत. 1991 मध्ये उघडलेली ही इमारत वास्तुरचनाकार जांग चिन्छ्यू यांनी थांग काळच्या राजवाड्यांच्या धर्तीवर आखली आहे. आत शिरल्यावर सगळं पाहायचा हट्ट करू नका. पहिल्या दालनातल्या दगडी हत्यारांपाशीच तासभर गेला तर ज्यासाठी आलो तिथे पोचेपर्यंत पाय बोलायला लागतात. थांगच्या आधीच्या छिन आणि हान काळाची दालनं सावकाश चालत ओलांडा. हान काळातला जेडचा छोटासा मोहरेचा शिक्का तेवढा शोधा. सम्राज्ञीचा तो शिक्का 1968 मध्ये शाळेतून घरी चाललेल्या एका मुलाला पाटाच्या कडेला सापडला.

आणि मग थांग काळ. 1970 मध्ये शहराच्या दक्षिण भागातल्या हज्यात्सुन गावात बांधकाम चालू असताना मातीची दोन मोठी मडकी आणि चांदीचं एक भांडं निघालं. त्यांत हजाराहून जास्त वस्तू होत्या. रानजनावराच्या तोंडाचा अकीकाचा प्याला, तोंडात पेला धरून नाचणारा घोडा कोरलेली चांदीची सुरई, सोन्याचे पेले, औषधी द्रव्यं, आणि नाणी. नाणी तर पाहाच: इराणच्या सासानी राजांची, बायझंटाइन साम्राज्याचं सोन्याचं, जपानचं चांदीचं. त्या काळी एका घराच्या तिजोरीत जग किती दुरून आलं होतं, ते या एका काचेच्या पेटीत कळतं. या वस्तू कधी खास दालनात ठेवतात, त्याचं तिकीट वेगळं असू शकतं. परवडत असेल तर काढा.

थांग राजघराण्याच्या थडग्यांतली भित्तिचित्रं हे आणखी एक वेगळ्या तिकिटाचं दालन. पोलो खेळणारे स्वार, परदेशी पाहुण्यांना सामोरे जाणारे अधिकारी. आई तिथून हलेना. अजिंठ्याच्या चित्रांशी ती तुलना करत होती, तिथे रंग कसे अंगात मुरलेले आणि इथे रेघ कशी एका दमात ओढलेली, असं बोलत होती. मला चित्रकलेतलं फारसं कळत नाही, पण अजिंठा पाहिलेल्या माणसाने हे दालन चुकवू नये असं तिच्याकडे पाहून वाटलं.

तिकीट मिळालंच नाही तर श्याओजायहून मेट्रोने दोन स्थानकं उत्तरेला, नान्शाओमनला उतरा. तिथे छोट्या हंसाचा स्तूप आणि शेजारी शीआन संग्रहालय आहे. हा स्तूप 707 ते 709 मधला, आधी 15 मजल्यांचा. 1556 च्या महाभयंकर भूकंपात माथा पडला, आता 13 उरलेत. समुद्रमार्गे भारतात येऊन गेलेला भिक्षू ईचिंग इथे बसून भाषांतरं करायचा. जुनी झाडं, मोकळं अंगण, गर्दी कमी. मोठ्या स्तूपापेक्षा हा परिसर मला मनाने जवळचा वाटला.

दुपारचं जेवण, आणि शाकाहाऱ्यांसाठी दोन शब्द

श्याओजायच्या गल्ल्यांत नूडल्सची दुकानं भरपूर. यओफो म्येन मागा. उकडलेल्या रुंद नूडल्सवर लाल तिखट, लसूण, कांद्याची पात ठेवतात आणि वरून कडकडीत तापलेलं तेल ओततात. चर्रकन आवाज होतो, वास सुटतो. आपली फोडणीच ती, फक्त ताटात वरून दिलेली. आई दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवली.

शाकाहारी असाल तर ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य पाठ करा आणि चिनी अक्षरांत फोनवरही ठेवा. पण तेवढ्यावर थांबू नका. मांसाचा तुकडा वगळला की पदार्थ शाकाहारी झाला असं पुष्कळांना वाटतं, रस्सा मात्र हाडांचाच असतो. म्हणून रस्सा नसलेले पदार्थ निवडा. ल्यांगफी, म्हणजे तांदळाच्या किंवा गव्हाच्या सत्त्वाच्या थंड पट्ट्या, व्हिनेगर आणि तिखट तेलात कालवलेल्या. त्साइज्यामो, म्हणजे जाड भाकरीसारख्या पावात भरलेली भाजी. ‘बू याओ रोउ’, मांस नको. ‘बू याओ जीतान’, अंडं नको. कडक जैन जेवणाऱ्यांनी मात्र घरून दशम्या, मेतकूट, चटणी न्यावी. लसूण आणि पातीशिवाय इथे पान हलत नाही.

गरम पाण्याचे नळ स्थानकांत, संग्रहालयांत जागोजागी असतात, म्हणून थर्मास जवळ ठेवा. टिशू पेपरही, स्वच्छतागृहात तो असेलच असं नाही.

दुपारी 2: शिळांचं वन

श्याओजायहून मेट्रोने तिसरं स्थानक युंगनिंगमन, म्हणजे तटबंदीचा दक्षिण दरवाजा. आत शिरून पूर्वेला तटाच्या कडेने चालत गेलं की शूयुआनमन नावाची फरसबंद गल्ली लागते. दोन्ही बाजूंना कुंचले, शाई, हातकागद आणि दगडी शिक्के. गल्लीच्या शेवटाकडे बेइलिन, शिळांचं वन. याचं तिकीट लागतं, आणि माझ्या मते या अख्ख्या दिवसातली ही सगळ्यात महत्त्वाची जागा आहे. दोन तास ठेवा.

जुन्या कन्फ्युशियस मंदिराच्या आवारात 1087 पासून इथे शिळा गोळा होत आल्या. आज हजारोंनी आहेत. चिनी वाचता येत नसलं की सगळ्या सारख्याच दिसतात आणि दहा मिनिटांत माणूस कंटाळतो. म्हणून तीनच शोधायच्या असं ठरवून जा.

पहिली, खरं तर 114 शिळांची भिंत. 837 मध्ये पुरे झालेले कन्फ्युशियन परंपरेचे बारा ग्रंथ, दोन्ही बाजूंनी मिळून साडेसहा लाख अक्षरं. छपाई सर्रास होण्यापूर्वी ग्रंथाचा शुद्ध पाठ म्हणजे ही भिंत. परीक्षेला बसणाऱ्यांनी इथे यायचं आणि आपली प्रत ताडून पाहायची.

दुसरी, 781 ची शिळा, कासवाच्या पाठीवर उभी. पूर्वेकडच्या चर्चचे ख्रिस्ती धर्मगुरू छांगआनला कसे आले, राजाने त्यांना कशी परवानगी दिली, याची ही हकिगत. माथ्याजवळ छोटा क्रूस, खाली चिनी अक्षरांच्या कडेला सिरियाक लिपी. कुठल्या कुठल्या लोकांनी हे शहर आपलं मानलं होतं, याचा एवढा धडधडीत पुरावा दुसरा नसेल. आणि त्या गर्दीत आपली माणसंही होती. कुमारजीव, ज्याचा बाप भारतातला, 401 मध्ये इथे आला आणि इथेच भाषांतरं करत वारला. गौतम सिद्ध नावाचा भारतीय वंशाचा ज्योतिषी आठव्या शतकात इथल्या राजाच्या वेधशाळेचा प्रमुख होता. भारतीय अंकलेखन आणि शून्यासाठीचा ठिपका त्याने चिनी ग्रंथात उतरवला.

तिसरी शिळा 672 ची. सकाळी स्तूपाच्या दारात पाहिलेली सम्राटाची प्रस्तावना हिच्यावरही आहे, पण अक्षर वेगळं. वांग शीज हा चौथ्या शतकातला सर्वश्रेष्ठ लेखनकार. त्याच्या हातचं अक्षर न् अक्षर जुन्या कागदांतून वेचून हुआइरन नावाच्या भिक्षूने वीसहून जास्त वर्षांत हा मजकूर जुळवला. ह्युएन त्संगच्या कामाला मृत माणसाच्या हस्ताक्षरात मानवंदना. शेवटी ह्युएन त्संगने भाषांतर केलेलं हृदयसूत्र हे छोटं बौद्ध सूत्रही कोरलंय. आईला विपश्यनेच्या शिबिरापासून थोडं पाली-संस्कृत कळतं. ‘गते गते पारगते’ हा त्यातला मंत्र ती पुटपुटली, आणि शेजारचे एक चिनी आजोबा हसून त्याच ओळी चिनी उच्चारात म्हणाले, ‘ज्येती ज्येती’. दोघांना एकमेकांचं दुसरं काही कळत नव्हतं.

कुठल्याशा दालनात ठसे काढणारा कारागीर दिसेल. शिळेवर ओला कागद चिकटवायचा, ब्रशने खोबणींत बसवायचा, मग शाईच्या गादीने हलके थापत जायचं. काळ्यावर पांढरी अक्षरं उठतात. आपल्याकडे ताम्रपट-शिलालेखांचे ठसे घेतात तीच रीत. ठसे विकतही मिळतात. घेणार असाल तर नळकांड्यात गुंडाळून मागा, घडी घालू देऊ नका.

संध्याकाळी 5: तटबंदीवर

परत दक्षिण दरवाजाला या आणि तटावर चढा. तिकीट 54 युआनच्या आसपास, ज्येष्ठांना सवलत आहे का ते पासपोर्ट दाखवून विचारा. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाच्या काळात, 1370 च्या दशकात बांधलेला हा तट 12 मीटर उंच, वर 12 ते 14 मीटर रुंद आणि एकूण घेर 13.7 किलोमीटर. घोड्यांच्या दोन-चार रांगा शेजारी शेजारी चालतील एवढा रस्ताच तो.

रायगड-राजगड फिरलेल्या माणसाला इथे आधी दरवाजाच पाहावासा वाटतो. बाहेरचा दरवाजा फोडून शत्रू आत आला की तो पोचतो चारी बाजूंनी उंच भिंतींच्या चौकात, आणि वरून बाणांचा मारा. आपल्या गोमुखी दरवाजामागे हाच विचार, फक्त तिथे डोंगर मदतीला असतो, इथे सपाट जमिनीवर सगळं विटांनी उभं केलंय. तटाला दर 120 मीटरवर बाहेर आलेला बुरूज आहे. दोन बुरुजांमधल्या कुठल्याही जागेवर साठ मीटरच्या आत, म्हणजे बाणाच्या टप्प्यात, मारा करता यावा असा हिशोब.

वर भाड्याच्या सायकली मिळतात. पूर्ण फेरीला दीड ते दोन तास धरा. विटांची फरसबंदी उंचसखल आहे, पाठीला धक्के बसतात. मी अर्धी फेरी मारली, उरलेली वेळ आईबरोबर चाललो आणि चालणंच जास्त आवडलं. सूर्य कलताना आतल्या बाजूला जुन्या गल्ल्यांची करडी कौलं आणि बाहेर खंदकाकाठच्या बागेत व्यायाम करणारी, अर्हू हे दोन तारांचं वाद्य वाजवणारी म्हातारी माणसं दिसतात. अंधार पडला की तटाच्या कडेने दिवे लागतात. उन्हाळ्यात सूर्य आठच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरात साडेपाचच्या आसपास, त्याप्रमाणे बेइलिनमधून निघायची वेळ पुढेमागे करा.

रात्री: घंटा, नगारा आणि हुई लोकांची पेठ

दक्षिण दरवाजापासून सरळ उत्तरेला पंधरा-वीस मिनिटं चाललं की घंटाघर. 1384 मध्ये बांधलेलं, आणि 1582 मध्ये उचलून आजच्या जागी आणलेलं. जवळच 1380 चं नगारघर. रात्री बाहेरून पाहणं पुरेसं आहे, वर चढायची गरज नाही.

नगारघराच्या कमानीखालून पलीकडे गेलात की हुई मुसलमानांची पेठ. मुख्य रस्त्यावर, बेइयुआनमनला, पर्यटकांची रेटारेटी. तिथे थोडंच रेंगाळा आणि डावीकडच्या शीयांगश, दाफीयुआन या गल्ल्यांत शिरा. मांसाहारी लोकांसाठी इथली यांगरोउ फाओमो ही खरी ओळख. आधी कोरडी भाकर देतात, ती आपण हाताने हरभऱ्याएवढी कुस्करायची, मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो. कुस्करायची घाई केली, मोठे तुकडे ठेवले, तर आतून कोरडी राहते. पेठेत डुकराचं मांस मिळत नाही.

शाकाहाऱ्यांनी त्संगगाओ शोधावं, चिकट भात आणि लाल खजुरासारख्या बोरांचे थर वाफवून केलेलं गोड. शिवाय तेन्दूच्या जातीच्या फळाचा गर घालून तळलेल्या गरम पुऱ्या आणि आंबट आलुबुखाराचं थंड सरबत. पुरीत कधी तीळ, कधी गुलाब भरतात.

जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी

पेठेतली मोठी मशीद मी मुद्दाम रात्रीत घातली नाही. ती शांतपणे, सकाळी आठला पाहायची जागा आहे. परंपरेने तिची स्थापना 742 ची सांगतात, आजच्या इमारती मुख्यतः मिंग काळातल्या. घुमट नाही, मिनार नाही. एकामागून एक अंगणं, कौलारू मंडप, आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी लाकडी मनोरा. चिनी मंदिरं दक्षिणेकडे तोंड करून असतात, ही पूर्व-पश्चिम पसरलेली, मक्केच्या दिशेने. नमाजाच्या दालनात इतर धर्मीयांनी जायचं नाही, पण उंबऱ्याशी उभं राहून आत पाहता येतं. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. शुक्रवारी दुपार टाळा.

आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ अंगण झाडत होते. कुठून आलात, असं त्यांनी खुणेने विचारलं. भारत म्हटल्यावर त्यांनी बोटाने हवेत चालणाऱ्या माणसाची खूण केली, मग दक्षिणेकडे, स्तूपाच्या दिशेने हात दाखवला आणि म्हणाले, श्वेन-त्सांग.